पडद्यामागचं बाकडं

आमच्या आळीत नवा भाडेकरू आला की पहिले काही दिवस त्याच्याशी कुणी बोलत नाही. त्याचं सामान बघतात. माणूस काहीही सांगेल, सामान थापा मारत नाही, असा आळीचा अनुभव. सत्त्याण्णव साली साळुबाईंच्या मागच्या खोलीत रामदास वायरमन आणि त्याची धाकटी बहीण मोहिनी राहायला आली, तेव्हा टेम्पोतून पत्र्याची पेटी उतरली, खांबावर चढायचा कातडी पट्टा उतरला, तांदळाचं पोतं उतरलं आणि सगळ्यात शेवटी दोघांनी मिळून दगडी जातं उतरवलं. जुन्नरसारख्या गावात, कोपऱ्यावर पिठाची गिरणी असताना, जातं. आळीनं तिथल्या तिथे निकाल दिला: तळेघरकडची माणसं. भात खाणार, हळू बोलणार आणि भांडणाच्या काही उपयोगाची नाहीत.

साळुबाई मूळच्या पिंपळवंडीच्या. तिकडे बागायत, इकडे जुन्नरला दुमजली घर. मुलगा संपत टोमॅटो भरून टेम्पो मुंबईला न्यायचा, त्यामुळे तो घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. उरल्या दोघी, साळुबाई आणि त्यांची सून शीला. शीलाचं माहेर पिंपरी पेंढार. लग्न ठरलं तेव्हा तिला सांगितलं होतं की पोरीला शहरात देतोय, आणि तीही मैत्रिणींना तसंच ऐकवून आली होती. पण साळुबाईंचा कायदा असा, की सुनेनं एकटीनं चौकाच्या पुढे जायचं नाही. देवळात सासूबरोबर, दवाखान्यात नवऱ्याबरोबर. नवरा टेम्पोत. लग्नाला तीन वर्षं होत आली तरी शीलानं जुन्नर बघितलं होतं ते ओट्यावरून दिसतं तेवढं: समोरचा शिंपी, कोपऱ्यावरची गिरणी आणि कौलांच्या वर शिवनेरीचा कडा. बाकीचं गाव तिला वासानं माहीत. रविवारी बाजारातल्या भज्यांचा वास आळीपर्यंत यायचा, आणि शीला त्या वेळी नेमकी ओटा झाडायला निघायची.

मोहिनी आली आणि पंधरवड्यातच शीलानं सासूपुढे विषय काढला. स्वतःसाठी नव्हे, असे विषय स्वतःसाठी कोण काढतं? तिचं म्हणणं असं, की पोरगी नवखी आहे, भाऊ दिवसभर खांबावर, बाजारात तिला कुणीही गंडवील. आपल्या घरात राहते म्हटल्यावर आपल्यालाच बघायला हवं. साळुबाईंनी मोहिनीला नीट निरखलं. खाली बघून चालणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. अशी पोरगी बरोबर असली की सून सरळ राहते, हा त्यांचा हिशोब.

"जा," त्या म्हणाल्या. "पर दोघींनी जायचं आन् दोघींनीच यायचं. एकीला टाकून दुसरी आली, तर मी दार उघडणार न्हाई."

आळीनं शीलाचं कौतुक केलं. केवढं मोठं मन, भाडेकरणीला गाव दाखवते. कोण कुणाच्या जिवावर गाव बघत होतं, हे तेव्हा कुणी मांडून बघितलं नाही.

पहिल्या रविवारी शीला पुढे, मोहिनी मागे. शीला हातवारे करून सगळं सांगत होती, ही अमुक पेठ, तो तमुक चौक, आणि सांगता सांगता तिनं मोहिनीला भाजीबाजाराऐवजी बकऱ्यांच्या बाजारात नेऊन उभं केलं. भोवती बकऱ्या, आणि बकऱ्यांचे दात बघणारी माणसं. शीला थबकली, मग म्हणाली, हेही बघून ठेव, कधी लागलंच तर. मोहिनीनं मान डोलावली. एका म्हातारीला तिनं हळूच भाजीबाजार विचारून घेतला आणि शीलाला म्हणाली, वयनी, हिकडून जाऊ या का, हिकडं सावली हाय. वाट चुकलेल्याला चुकला म्हणायचं नाही, गुपचूप वाटेला लावायचं, अशी तिच्याकडची रीत. तिकडे धुकं दाट असतं. आज तो चुकला, उद्या आपण.

असं एकमेकींना सांभाळत दोघींनी जुन्नर शोधलं. डोंगरातल्या बायका करटुली आणि रानभाज्या घेऊन कुठे बसतात ते मोहिनीला सापडलं. घ्यायचं नसलं तरी ती त्यांच्यासमोर उभी राहायची, नुसतं त्यांचं बोलणं कानावर पडावं म्हणून. कासार बांगड्या भरता भरता अख्ख्या तालुक्यातल्या लग्नांच्या बातम्या देतो, हे शीलाला सापडलं. स्टँडबाहेरच्या भेळवाल्याला कैरी जास्त टाक म्हटलं की तो आधी कुरकुरतो आणि मग टाकतो. शिवनेरीच्या पायथ्याला शाळांच्या सहली उतरतात. तिथल्या पायरीवर बसून पोरं मोजणाऱ्या मास्तरांची धांदल बघण्यात एक दुपार सहज जाते. हिवाळ्यात घडावरून गळालेले द्राक्षांचे सुटे मणी पाटीत मिळतात, आणि अख्ख्या घडापेक्षा ते गोड निघतात. एकदा दुपारच्या खेळाला सिनेमासुद्धा झाला. त्यातली नायिका पळून जाते तिथे शीला रडली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, पळून गेली ते गेली, पण अंगावर शाल तरी घ्यायची.

पण सगळ्यात मोठं सुख म्हणजे मिसळ. बाजाराच्या टोकाला पत्र्याचं हॉटेल होतं. मालकाला सगळे अण्णा म्हणायचे. बाहेर गडी माणसांची बाकडी आणि आत भिंतीला लागून एकच बाकडं, त्याच्यापुढे तारेवर सरकणारा फुलाफुलांचा पडदा. अण्णा त्याला फॅमिली रूम म्हणायचा. शीला पडद्यामागेच बसायची. संपतच्या ओळखीचे ड्रायव्हर तिथे चहाला येत, आणि साळुबाईंना सांगितलेलं असायचं की भाजी घेऊन येतो. भाजी घ्यायला किती वेळ लागतो, हे साळुबाईंना ठाऊक होतं.

पडदा सरकला की शीला वेगळीच बाई व्हायची. घरी ती तोंडाला पदर लावून हसे. इथे दाढा दिसेपर्यंत. मोहिनीचं उलट. पहिल्या खेपेला तिनं मिसळीत बोट बुडवून चाखलं आणि डोळ्यांतून पाणी काढलं. दुसऱ्या महिन्यात ती दुसऱ्यांदा रस्सा मागायला लागली. मग तर तिनं मागायची वाट न बघता अण्णाच पातेलं घेऊन पडद्याशी उभा राहायचा.

दिवाळीनंतरचा एक रविवार. मोहिनी भातलावणीचं सांगत होती. पाठीवर पावसाचं इरलं, पायाखाली चिखल, सकाळी वाकलेलं माणूस संध्याकाळी सरळ होतं, आणि सरळ होताना कण्हतं. शीलानं विचारलं, मग आता जाशील का परत लावणीला? मोहिनीचं नाक तिखटानं वाहत होतं, तोंडात पाव होता. ती म्हणाली, "आता भात लावाया वाकले, तर कंबारच म्हणंल, बाई, आदी मिसळ आन."

दोघी इतक्या हसल्या की अण्णानं पडद्यातून डोकं घालून बघितलं.

इकडे आळीत दोन्ही घरांची देवाणघेवाण जोरात होती. शीलाच्या हातची मासवडी म्हणजे आळीची शान. मसाल्याच्या पाण्यात बेसन घोटायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात तीळ, खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण भरून फडक्यासकट गुंडाळायचं आणि वड्या कापायच्या. रस्सा वेगळा. तिनं एका पितळी डब्यात मासवडी घालून मागच्या खोलीत पाठवायला सुरुवात केली. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसलं घरात तर साखरेची चिमूट घालतील, पण रिकामं देणार नाहीत. रिकामं भांडं म्हणजे, बाई, आपलं संपलं. मोहिनीकडून तो डबा कधी नव्या तांदळानं भरून यायचा, कधी करवंदाच्या लोणच्यानं, कधी जात्यावर दळलेल्या नाचणीच्या पिठानं. त्या डब्यानं वर्षभरात जेवढ्या फेऱ्या मारल्या तेवढ्या संपतच्या टेम्पोनंही मारल्या नसतील.

माघात मोहिनीला स्थळ आलं. मुलगा सावळेराम, तळेघरच्या पलीकडे एका आश्रमशाळेत मास्तर. वडील नव्हते. आईची कंबर लावणी करून करून धरलेली. मुलाला शिकवलं मामानं, भागू त्यांचं नाव, त्यामुळे घरातला शेवटचा शब्द मामाचा.

बघण्याचा कार्यक्रम रामदासच्या खोलीतच झाला. पोहे शीलानं केले, चहा मोहिनीनं नेला. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं सावळेरामनं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, "जुन्नरात करमतं का?"

"रैवारी करमतं," मोहिनी म्हणाली.

तो हसला. निघताना रामदास बाहेर सायकल काढत होता तेव्हा, चपलेत पाय घालता घालता, तो तिला हळूच म्हणाला, "मी बदली मागितलीय. बहुतेक जुन्नरच मिळंल. मग मिसळ कुठं खायाची ते तुमी दावा."

मिसळीचं नाव तिनं काढलं नव्हतं. म्हणजे रामदासनं त्याला सांगितलं होतं, आणि ते कळूनही तो आला होता. मोहिनी शीलाला सगळं सांगायची, कुठल्या बाईनं कुठला टोमणा मारला इथपर्यंत. ही एवढी एक गोष्ट तिनं सांगितली नाही. सांगायला लाज वाटली. शीलानं खोदून विचारलं, काय म्हणाला गं जाताना? तर ही म्हणाली, काय न्हाई, चप्पल घालीत व्हते.

शीला त्या दिवशी खूप बोलली आणि पुढचे दोन दिवस गप्प होती. डोकं दुखतंय म्हणाली.

आता रामदासच्या वाडीतली एक रीत सांगायला हवी. त्यांच्यात मुलगी पसंत पडली तरी शब्द पक्का होत नाही. मुलाचा मामा न कळवता येतो. मुलीच्या घरी पाणीसुद्धा न घेता विचारतो, तुमचा शेजार कुठला? मग मुलीच्या घरच्यांनी आपल्या हातानं शेजाऱ्याचं दार दाखवायचं आणि आत जाऊन बसायचं. कान द्यायचे नाहीत. शहाण्या माणसाला हा वेडेपणा वाटेल, पण वाडीत तो चालतो, कारण वाडीत प्रत्येकाच्या घरी मुलगी असते. आज तुमच्या मुलीबद्दल मी बोलणार, उद्या माझ्या मुलीबद्दल तुम्ही. सगळ्यांची नाकं सगळ्यांच्या हातात, म्हणून सगळी तोंडं गोड. जुन्नरच्या आळीत शीलाचं नाक मोहिनीच्या हातात नव्हतं, एवढाच काय तो फरक. तो मोहिनीच्या लक्षात येण्यासारखा नव्हता.

भागूमामा आले ते आडवारी, बाजाराचा दिवस नसताना, भर दुपारी. डोक्याला टोपी, काखेत छत्री. रामदास कामावर. साळुबाई कांदा काढायला पिंपळवंडीला गेलेल्या. मामांनी रीतीप्रमाणे उंबऱ्याबाहेरूनच शेजार विचारला. मोहिनीला आनंदच झाला. ती स्वतः पुढे होऊन त्यांना शीलाच्या दारापर्यंत घेऊन गेली, म्हणाली, आमच्याबद्दल हितं इचारा मामा, ह्या माज्या बहिणीवानी हायेत, आणि मागे न बघता खोलीत परतली.

भिंत पातळ होती. बोलणं ऐकू आलं असतं. म्हणून ती जात्यावर बसली आणि नाचणी ओढायला लागली. दळायची गरज नव्हती. डबा पिठानं भरलेला होता. जात्याच्या घरघरीत पलीकडचं काही येईना, फक्त मधूनच कपबशीचा आवाज. ती जोरात ओढत राहिली. रीत पाळायची तर पुरती पाळायची.

मामा जाताना दारात थांबले. तिच्याकडे बघितलं, जात्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते असं वाटलं. मग नुसतं "येतो पोरी" म्हणून गेले.

शीला संध्याकाळी म्हणाली, तुझं इतकं गुणगान केलं, इतकं केलं, की माझं मलाच हसू आलं.

आठवड्यानं तळेघरच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. योग नाही म्हणाले. रामदासनं तो दोनदा विचारून घेतला. कंडक्टरला तेवढंच सांगितलं होतं.

मोहिनी रडली नाही. तिनं जेवण केलं, भांडी घासली, भावाचे खाकी कपडे धुतले. शीला दुपारी पितळी डबा घेऊन आली. मासवडी होती, अजून गरम. ती मोहिनीजवळ दिवे लागेपर्यंत बसली. सावळेरामला नावं ठेवली, त्याच्या मामाला ठेवली, त्या अख्ख्या डोंगराला ठेवली. मोहिनीचे नव्हे, स्वतःचेच डोळे पुसले. म्हणाली, बरं झालं गं, तिकडं जाऊन चिखल तुडवायचा होता का तुला? मोहिनीनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्या दिवशी तिला सगळ्या जुन्नरात तेवढाच एक खांदा होता.

रामदासला मात्र चैन पडेना. तार कुठे तुटली ते खांबाखाली उभं राहून ओळखणारा माणूस. हा बिघाड त्याला सापडत नव्हता. त्यानं रजा टाकली, घोडेगावला गाडी बदलली आणि तळेघरला उतरून मामांच्या वाडीपर्यंत चालत गेला. मामांनी त्याला पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. मुलीत खोट काढली नाही. उलट म्हणाले, तुमच्या शेजारणीनं तर तिला डोक्यावर घेतली. सावळेराम ओसरीच्या टोकाला मान खाली घालून बसला होता. शिकवून मोठं करणाऱ्या मामापुढे त्याचं तोंड उघडलं नाही. शेजारच्या वाडीतल्या मुलीला शब्द गेला होता, पावसाआधी लग्न.

परत आल्यावर रामदासनं बहिणीला सगळं सांगितलं. मामांना शेजारीण काय म्हणाली ते मामांनी त्याला जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि त्यानंही ते जसंच्या तसं आणलं होतं. आमची मोहिनी आता पक्की शहरातली झालीय, मामा. बाजार तिला पाठ, सिनेमा तिला पाठ. मिसळीला दोनदा रस्सा घेतल्याबिगर उठत नाही. काय गोड पोरगी आहे, परवा म्हणते कशी, आता भात लावायला वाकले तर कंबरच म्हणेल, बाई, आधी मिसळ आण.

"मामा म्हनले, माज्या बहिणीची कंबार गेली म्हून तर सून आनायची," रामदासनं सांगितलं. "आता ह्यात वयनींनी वाईट काय सांगितलं? चांगलंच सांगितलं की. मंग बिगाडलं कुठं?"

मोहिनी तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला.

"काय गं?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "माजंच बोलणं हाय ते."

तेच तर होतं. शब्द न् शब्द तिचा. खोटं असतं तर भाऊ पुन्हा डोंगर चढून गेला असता, शपथ घेतली असती, भांडला असता. खऱ्याशी कसं भांडायचं? पडद्यामागचं बोलणं तळेघरपर्यंत चढून गेलं होतं आणि त्याच्यासोबतचं हसू खालीच राहिलं होतं. ते हसू दोघींनाच माहीत होतं. एकीनं ते ठरवून वगळलं.

रविवारी उन्हं चढायच्या आत शीला बोळातून मागच्या खोलीशी आली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात दोन पिशव्या. ओट्यावर साळुबाई सुपात तीळ पाखडत होत्या.

"आवरलंस का गं?" शीलानं दारातून हाक मारली.

मोहिनी दारात आली. हातात पितळी डबा होता, घासून लख्ख केलेला.

"वयनी, मामांना तुमी कंबरंचं सांगितलंत?"

शीलानं पिशवीचा बंद नीट केला. "अगं, सहज. हसवायला."

"हसले ते?"

शीला एकदम पुष्कळ बोलली. आपण एक अक्षर खोटं सांगितलं नाही, उलट कौतुक केलं, आता त्या माणसांना कौतुक पचत नसेल तर त्याला कोण काय करणार, आणि तुला तरी एवढं काय लागलं होतं त्या मास्तराचं, असं सगळं. मोहिनीनं ते संपू दिलं.

"खोटं न्हाईच बोलला तुमी," ती म्हणाली. "म्हून तर मला कुनाला काय सांगता येईना."

शीलाचा आवाज खाली आला. ओट्याकडे एकदा बघून ती म्हणाली, "तू गेली असतीस की मी पुन्हा त्या ओट्यावर. तुला काय गं, तू कुठंबी जाशील, कुठंबी रमशील. मला तुज्याबिगर चौकाच्या पुढं कोण जाऊ देतंय? तीन वर्सं मी भज्यांचा वास घेत बसले व्हते."

मोहिनीनं तिच्याकडे नीट बघितलं. वर्षभरात बहुतेक पहिल्यांदाच, मागे चालता चालता नव्हे, समोरून.

"ते खाली येणार व्हते, वयनी," ती म्हणाली. "जुन्नरला. बदली मागितली व्हती त्यांनी. मी मनात म्हनत व्हते, ह्याच आळीत खोली बघू. मंजी तुमी आन् मी..."

शीलाच्या हातातली एक पिशवी खाली पडली. ती उचलायला ती वाकली नाही.

"मला का न्हाई सांगितलंस?" शीलानं विचारलं.

तिचा हा प्रश्न पुढे आळीत पुष्कळ दिवस चघळला गेला. काही बायका म्हणाल्या, बरोबर आहे, सांगायला हवं होतं. माणसाची ही एक गंमत आहे. घाव घालणाराही हिशोब मांडताना समोरच्याचीच बाकी काढतो.

मोहिनी शीलाच्या बाजूनं निघून ओट्यापाशी गेली आणि पितळी डबा साळुबाईंच्या सुपाशेजारी ठेवला. साळुबाईंनी सवयीनं तो उचलला. हाताला हलका लागला. त्यांनी झाकण काढून आत बघितलं, बोट फिरवून बघितलं, साखरेचा कण तरी आहे का. मग त्यांनी सुनेकडे बघितलं. ठेवणीतली साडी, एक पिशवी हातात, एक जमिनीवर. साळुबाई शिकलेल्या नव्हत्या, पण रिकामा डबा त्यांना वाचता येत होता.

"काय केलंस गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"मावशी, मी एकलीच चालले बाजारला," मोहिनी म्हणाली.

साळुबाईंनी मान हलवली. मोहिनी त्यांची सून नव्हती. तिला कायदा लागू नव्हता. ती चौकात वळेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग सूप पुन्हा हातात घेऊन सुनेला म्हणाल्या, "साडी बदल. पिशव्या आत ठेव." आवाज चढवला नाही. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं होतं, तरी त्याला एवढंच ऐकू आलं.

बाजार नेहमीसारखा भरला होता. मोहिनी कासाराच्या दुकानावरून गेली, भेळवाल्यावरून गेली. डोंगरातल्या बायकांपाशी मात्र ती थांबली नाही. त्यातली एखादी सावळेरामच्या वाडीकडची निघाली असती. अण्णाच्या हॉटेलात शिरली तशी अण्णानं सवयीनं पडदा सरकवला आणि आत दोन बशांची वर्दी दिली.

"आज एकच," मोहिनी म्हणाली. "आन् हितंच." ती बाहेरच्या बाकड्यावर बसली.

अण्णानं शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, काही विचारायला तोंड उघडलं आणि फडकं घेऊन बाकडं पुसायला लागला. पलीकडे चहा पिणाऱ्या दोघा ड्रायव्हरांनी वळून बघितलं. मोहिनीनं त्यांच्याकडे बघितलं, तसे ते पुन्हा चहाकडे वळले. मिसळ आली. ती खाली मान घालून, पाव मोडून खायला लागली. बशी अर्धी झाली तेव्हा अण्णा पातेलं घेऊन आला आणि तिनं मागायच्या आधीच दुसऱ्यांदा रस्सा वाढला. तिनं हात आडवा केला नाही.

मागे पडदा उघडाच राहिला होता. बाकड्यावर कुणी नव्हतं.

रस्सा तोंडात गेला, नाक वाहायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. चव तीच होती, जराही कमी झाली नव्हती. नेमका त्याचाच तिला राग आला. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि अजून एक पाव मागितला.